‘ग्लूटेन मोफत’ हा फलक उतरवणे आणि एका स्वतंत्र चमच्याबाबत

प्रति,
मा. खानपान अधिकारी,
मध्यवर्ती बसस्थानक.

विषय : ‘येथे ग्लूटेन मोफत मिळेल’ हा फलक उतरवणे व दि. २४ रोजी एका मुलीला खाता येईल असा भात मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ३ चा अर्ज. २) आपले दि. १० चे उत्तर, ‘मागणीनुसार कार्यवाही पूर्ण’.

महोदय,

आपल्या उपाहारगृहातला वाढायचा चमचा दिवसभरात कुठे कुठे जाऊन येतो?

हा प्रश्न पहिल्याच ओळीत विचारून दाखव, अशी पैज अर्जदाराच्या मैत्रिणींनी लावली होती. ती जिंकून झाली असली तरी प्रश्न खरा आहे, तरी कृपया उत्तर द्यावे. (अर्जात ‘मी मी’ करू नये, ‘अर्जदार’ लिहावे, असे बाबांनी सांगितले आहे. ते कचेरीत आवक-जावक पाहतात.)

१. अर्जदाराला सिलिअ‍ॅक हा आजार आहे. गव्हातले ग्लूटेन पोटात गेले की आतड्याला इजा होते. त्याला एक कणही पुरतो. दि. २४ रोजी दहावी ‘ब’ ची सहल आपल्या बसस्थानकावर जेवणासाठी चाळीस मिनिटे थांबणार आहे. तिथे सुरक्षित जेवणाची लेखी हमी मिळाली तर एकटी जा, नाहीतर मी कुकर घेऊन सोबत येते, असे आईने जाहीर केले आहे. मागच्या सहलीला आई कुकरसह आली होती. तिने बसमध्ये सर्वांचे हात धुतले. मुख्याध्यापकांचे दोनदा. अर्जदाराला तेव्हापासून वर्गात ‘कुकर’ म्हणतात.

२. म्हणून अर्जदाराने पहिल्या अर्जात ‘ग्लूटेन फ्री’ जेवण मागितले. आपले उत्तर येताच घरी आनंदीआनंद झाला व आईने कुकर माळ्यावर टाकला. रविवारी अर्जदाराने बाबांसह प्रत्यक्ष पाहणी केली असता, फ्री म्हणजे फुकट असा अर्थ लावून आपल्या रंगाऱ्याने वरील फलक रंगवल्याचे दिसले. फलकाखाली सतरा माणसांची रांग होती. गल्ल्यावरचे काका प्रत्येक चहासोबत पावाचा एक तुकडा देत होते. विचारले तर म्हणाले, “वरून ऑर्डर आहे, ताई. एका माणसाला एकदाच.” एक आजोबा टोपी काढून दुसऱ्यांदा रांगेत आले. “चव काही विशेष नाही,” ते बाबांना म्हणाले, “पण फुकटात कोण देतं हल्ली ग्लूटेन?”

३. गहू चालत नाही, असे अर्जदाराने काकांना समजावले. त्यावर ते म्हणाले, “मग नूडल्स घे की. त्यात गहू नाही, मैदा असतो.” मैदा गव्हाचाच असतो, हे ऐकून त्यांचा चेहरा असा झाला की जणू अर्जदाराने त्यांच्या घरातले एखादे लफडे उघड केले. मग सूप पुढे आले. ते मैदा लावून घट्ट केलेले होते. शेवटी साधा भात आला, तोही नूडल्समधून नुकत्याच बाहेर पडलेल्या चमच्याने. पहिल्या ओळीतला प्रश्न इथून आला आहे.

४. एवढ्यात आतून स्वयंपाकाच्या मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले व म्हणाल्या, “म्हणजे गव्हाचा हात तुझ्या भाताला लागता कामा नये, एवढंच ना? मग तसं सांग की बाई. ते ग्लूटेन-बिटेन कशाला मध्ये आणलंस?” महोदय, दोन वर्षे अर्जदार हे वाक्य शोधत होती.

५. मावशी वेगळे पातेले व वेगळा चमचा ठेवायला तयार आहेत. पण “वरून लेखी येऊ दे,” असे त्यांचे म्हणणे आहे. ते वर म्हणजे आपणच. तरी फलक तातडीने उतरवून, मावशींना दि. २४ पुरता लेखी आदेश द्यावा, ही विनंती. नवा फलक लावणारच असाल, तर रंगाऱ्याला मावशींचे वाक्य जसेच्या तसे द्यावे. त्याला अर्थ लावू देऊ नये.

आपली नम्र व पाहणीच्या दिवशी उपाशी परतलेली,
अर्जदार
दहावी ‘ब’, हजेरी क्र. १९
दि. १४

सोबत : डॉक्टरांचा दाखला. फलकाचे छायाचित्र, रांगेसह. अर्जदाराचा स्वतःचा चमचा, नमुन्यादाखल (परत मिळावा).

प्रत माहितीसाठी : आई व बाबा.
आपणांस कळवण्यात येते की, आदेश आला तर अर्जदार मावशींच्या हातचा भात खाईल. न आला तर घरून नेलेला डबा खाईल व बाहेरच्या कशालाही तोंड लावणार नाही. दोन्ही परिस्थितींत ती सहलीला एकटी जाणार आहे, कारण काय विचारायचे ते आता तिला नीट विचारता येते. बाबांनी या प्रतीवर आवक क्रमांक टाकून पोच द्यावी. आईने पोच देण्याची गरज नाही. रविवारी खाली काढलेला कुकर तिने पुन्हा माळ्यावर ठेवावा, म्हणजे पोचला.