लवंग काही औषध नाही

११ नोव्हेंबर, सोमवार
आमूची खालची दाढ. माझी नात, पाच वर्षांची पोट्टी, अन् रूट कॅनल. तीन चकरा झाल्या. नस काढली, आत औषध भरलं, वरून कच्चा मसाला. उद्या पक्कं फिलिंग. अश्विनले म्हटलं, अरे दुधाचा दात होय, आपोआप पडते, पडक्या भिंतीले पुट्टी कायले लावता. तो म्हणे, आई, आमू दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत ही दाढ लागते, नाही तर खालचा दात वाकडा येईन, डॉक्टर बोलली. डॉक्टर बोलली म्हणजे झालं. आई चाळीस वर्षांपासून बोलून राहिली, ते हवा.
मीच नेणार. पोरगा सिलतऱ्याले प्लांटमध्ये, सून रीना नवा रायपुरात ऑफिसात. आमूचं सगळं जन्मापासून माझ्याकडे.
ठरवलं: डॉक्टरच्या कामात बोलायचं नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी नखानं कच्चा मसाला काढला अन् दाढेत लवंगाच्या तेलाचा बोळा ठेवला. दुखू नाही म्हणून. पोट्टी म्हणे, आजी, दुखता नहीं है. नस काढली तर दुखत नाही, असं त्या लोकांनी तिले पढवलं. घाबरते बिचारी, म्हणून खोटं बोलते.
तेलीबांध्याचा दवाखाना. एसी एवढा की पायात मोजे लागते. डॉक्टर म्हणजे पंचविशीची पोट्टी. म्हणे, अम्माजी, मसाला कैसे निकला? म्हटलं, कच्चा होता, निघाला. म्हणे, घर में कुछ लगाया तो नहीं? म्हटलं, नाही. हे खोटं नाही. लवंग काही औषध नाही, मसाला आहे. वरणात टाकतो आपण.
दाढेले आधी निळं काहीतरी लावलं, धुतलं, फुंकून कोरडं केलं. मग डिंक. मग फिलिंग. मग निळा लाईट. एवढं तर आमच्या लग्नात नवरीले केलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
पडलं. वरणभातात निघालं. मी खडा समजून डाळवाल्याले शिव्या घातल्या.
रीनानं तो खडा धुऊन पाहिला अन् कागदात बांधून ठेवला.
माझं मत: डॉक्टरच्या हाताले सवय नाही. आमूचे आजोबा रेल्वेत होते, धर्मपाल. दात दुखला की माझी लवंग. पन्नाशीत तोंडात एक दात नव्हता, पण दात दुखतो म्हणून माणसानं एक सुट्टी घेतली नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
पुन्हा गेलो. या वेळेस बोळा एक तास ठेवला. मागच्या वेळेस अर्धा तास कमी पडला असन.
डॉक्टरनं वाकून वास घेतला. म्हणे, लौंग की महक आ रही है. म्हटलं, चहात टाकली. तर म्हणे, पाच साल की बच्ची को चाय? त्यावर दहा मिनिटं भाषण. ऐकून घेतलं. आमूनं जन्मात चहा प्यायला नाही.
मग म्हणे, अम्माजी, लौंग का तेल दांत में लगा हो तो फिलिंग ठीक से जमती नहीं, पकड़ती नहीं. कुछ मत लगाइए. मी मान हलवली. मान हलवायले काय लागते.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
पडलं. ब्रश करता करता. रीनाले सांगतलं नाही. शिजलेल्या भाताची गोळी करून खड्ड्यात दाबून बसवली. पांढरी शुभ्र. तीन तास टिकली, डॉक्टरच्या लाईटीशिवाय.
संध्याकाळी रीनानं तोंड उघडायले लावलं. दोन शितं अजून खड्ड्यात होती. भात कोणाचा, तिनं विचारलं नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार
जेवताना रीना म्हणाली, मम्मी, माझ्या ऑफिसजवळ एक शाळा आहे, डे-केअरही तिथंच. एक सीट खाली आहे. अब की बार गिरा तो आमू को वहीं डाल देंगे. सकाळी माझ्यासोबत जाईन, संध्याकाळी सोबत येईन.
म्हटलं, टाका. मले काय. दुपारी झोप होईन.
अश्विन ताटात पाहून राहिला. प्लांटमध्ये एवढी मोठी भट्टी सांभाळतो म्हणे.
ठरवलं: आता दाढ पडू द्यायची नाही. काहीही झालं तरी. पोट्टी तिथं कोणाच्या हातचं खाईन. तिले भातात तूप वरून लागते, खालून नाही. हे त्या डे-केअरवाल्यांले कोण सांगन.

२५ नोव्हेंबर, सोमवार
घरातलं चॉकलेट काढलं. बिस्कुट काढलं. शेजारच्या इंदूनं करंज्या दिल्या, त्या मीच खाल्ल्या. आमूले फक्त करी लाडू, बेसनाची शेव गुळाच्या पाकात. ते घरचे आहेत.

२७ नोव्हेंबर, बुधवार
तिसऱ्यांदा. डॉक्टर तेल नाही म्हणाली होती, तर तेल नाही. मी काही अडाणी नाही. चौथी पास आहे, ऐकलेलं समजते. लवंग कोरडी ठेचली, फडक्यानं गाळली, पावडर दाढेत भरली. तेलाचा एक थेंब नाही. निघताना चूळ भरायले लावली, दोनदा. वास गेला.
डॉक्टर म्हणे, कुछ लगाया? म्हटलं, तेल नाही लावलं. पोट्टीकडे पाहिलं, ती माझ्याकडे पाहून राहिली होती.
या वेळेस डॉक्टरनं लाईट खूप वेळ धरली. बसलं. नखानं टकटक केली तर दगडासारखं. रीनाले फोन करून सांगतलं, पक्कं काम झालं. म्हणाली, अच्छा. एवढंच.
मी तिच्या जागी असती तर थँक्यू म्हटलं असतं.

३० नोव्हेंबर, शनिवार
पडलं.
रीना आमूले घेऊन परत दवाखान्यात गेली. मले म्हणाली, मम्मी, तुम्ही राहू द्या. डॉक्टरनं पोट्टीले विचारलं, बेटा, घर पे कोई कुछ लगाता है? पोट्टी म्हणे, आजी लौंग भरती है, पहले तेल वाला, अभी पाउडर वाला. डॉक्टरनं कच्चा मसाला भरून पाठवलं. एवढं सगळं रीनानं घरी येऊन सांगतलं, आवाज न चढवता. रडली असती, भांडली असती तर मले उत्तर देता आलं असतं.
पोट्टीले खोटं बोलणं शिकवलं नाही मी. तिथं चुकलं.
अन् लवंगेनं पडते, हे कोण सांगते? जिचं काम पडलं तीच सांगते.

२ डिसेंबर, सोमवार
आमू गेली. सात वाजता. बॅग तिच्यापेक्षा मोठी.
दुपारी झोप आली नाही. लवंगा निवडल्या, वर्षाच्या.

४ डिसेंबर, बुधवार
इंदूनं विचारलं, काकू, नातीन दिसत नाही. म्हटलं, मीच म्हटलं टाका मोठ्या शाळेत, इथं हिंदी-मराठीत पोट्टीचं डोकं फिरते. इंदू हव म्हणाली. तिच्या तोंडावरून वाटलं, तिले समदं ठाऊक आहे. अश्विननं सांगतलं असन. भट्टीवाल्याच्या पोटात काही राहत नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार
सकाळी सगळे पुतळ्याजवळ वंदनेले गेलो. रीनाले सुट्टी होती. वंदनेवरून ती आमूले घेऊन परस्पर दवाखान्यात गेली. मले अश्विनसोबत घरी पाठवलं. चौथं फिलिंग.
तीन दिवसांत पडते. लिहून ठेवते.

९ डिसेंबर, सोमवार
तीन दिवस झाले. रात्री रीनानं डबा उघडला तेव्हा म्हटलं, दाढ? म्हणे, है.

२३ डिसेंबर, सोमवार
है.
आमू आल्यावर लगेच झोपते. म्हणे, आजी, वहाँ घी ऊपर से डालते हैं. मी विचारलं नव्हतं.

१२ जानेवारी, रविवार
आज आमू दिवसभर घरी. तिळाचे लाडू केले, पाक मुद्दाम जरा पुढं जाऊ दिला. दिला एक, म्हटलं, त्या बाजूनं चाव. चावला. लाडू फुटला.
मग तोंड उघडायले लावलं. दाढ बोटानं दाबून पाहिली. आजूबाजूनं हलवून पाहिली. नखानं कडा खरवडून पाहिल्या. आमू म्हणे, आजी, निकालो मत.
म्हटलं, काढत नाही बाई, पाहून राहिली, पक्की बसली का.
पक्की बसली.