खरकट्यावरचा पहिला चहा

पुणे, मार्च २००३

प्रिय आईस प्रज्ञेशचा जय भीम.

गुडघा कसा आहे?

आई, गॅस पेटला! होस्टेलच्या मेसमागे खरकट्यापासून गॅस करायला मी बांधलेली टाकी जास्त खरकट्यानं आंबून बंद पडली होती. होस्टेलचे साहेब ती मोडायला निघाले होते. तुला काळजी नको म्हणून कळवलं नाही. मग तुझाच उपाय केला: पोट बिघडलं की लंघन. आधी टाकीचं खरकटं बंद केलं, मग थोडं थोडं शेण दिलं. आज निळी ज्योत!

"उष्ट्याच्या गॅसवर मी काही रांधायची नाही," म्हणणाऱ्या मेसच्या काकूंनीच त्यावर पहिला चहा केला आणि स्वतःच्या कपात मला दिला. साखर कमीच होती.

लोकांची खरकटी काढून तू मला इंजिनिअर केलंस, हे कुणाला सांगू नकोस म्हणतेस. आज मेसभर सांगितलं.

रागावलीस तरी तुझाच,
प्रज्ञेश