नवमीची सवाष्ण

११ सप्टेंबर २०२५, गुरुवार

ही वही लिहायला घेण्याचं कारण एकच, सुनील पेंटर. माझ्या मुलाच्या, कल्याणच्या, सावेडीतल्या फ्लॅटच्या हॉलला मी मोतिया रंग सांगितला होता. त्याने फिकट हिरवा फासला आणि वर मलाच म्हणाला, मॅडम, तुमीच तर बोलल्या हिरवा. मी असं कधीही बोललेले नाही. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली, तिथे तोंडी शब्दाला किंमत नव्हती. तेव्हा आजपासून कोण काय बोललं आणि कोणी कोणाला काय दिलं, ते त्याच दिवशी इथे लिहिलं जाईल.

कल्याण जर्मनीत असतो. दिवाळीच्या आधी फ्लॅटमध्ये भाडेकरू येणार. पितृपंधरवड्यात कोणी घराला हात लावत नाही, त्यामुळे रंगारी मोकळे सापडले. मी असलं काही मानत नाही. पण रंगाच्या वासाने माझा दमा उठतो, म्हणून काम संपेपर्यंत मुक्काम बाहेर.

जागा छान मिळाली. मनमाड रस्त्याला, नागापूरची एमआयडीसी मागे टाकल्यावर ‘हॉटेल पाटपाणी गार्डन’. पुढे बाग, बागेत जाळीच्या मांडवाखाली टेबलं, मागे ओळीने खोल्या. हिरवळ नीट कापलेली, कण्हेरीची कुंपणं, लिंबाची झाडं, एक झोका आणि रंग उडालेलं सिमेंटचं हरीण. खोलीतली चादर मी उलटून पाहिली, स्वच्छ होती. मालक भागवत, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याची आई दगडाबाई चुलीशी बसून भाकरी थापते आणि दोघांच्या वाटचं एकटीच बोलते. मी पिण्याच्या पाण्यात क्लोरीन तपासायचे थेंब टाकून रंग बघत होते, तर म्हणाली, काय वं बाई, पान्याला बी ताप आलाय व्हय? मी सांगितलं, पाणी उत्तम आहे. ती म्हणाली, मंग आता तरी प्या.

संध्याकाळी नाशिकहून यजमानांचा, रंगनाथांचा, फोन. गुडघा बरा आहे. औषधं घेतली. मला वाटतं, घेतली नाहीत.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी वैजनाथची रिक्षा ठरवली. रोज फ्लॅटवर नेणार, दुपारी आणून सोडणार. रस्ताभर मी त्याला हॉर्न कमी वाजवायला सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, ह्यो वाजला न्हाई तर लोकं समजत्यात रिक्षा बंद पडली.

बाकीच्या खोल्या झाल्या की हॉल पुन्हा रंगवायचा, असं बजावलं. सुनीलचं तोंड वाकडं झालं.

दुपारी बागेत जेवले. मासवडी, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. कारखान्यातली माणसं जेवायला येतात, पटापट खातात, दगडाबाईला हाका मारतात. मी भागवतला विचारलं, एवढ्या गर्दीला एकटी म्हातारी कशी पुरते? तो म्हणाला, आधी मंडळी होती. तीन वर्षांमागे बायको वारली, सविता. ही बाग तिनेच लावली. इतकं सांगून तो नळ बंद करायला गेला. नळ बंदच होता.

१४ सप्टेंबर, रविवार

आज एक विनंती आली. उद्या अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालतात. दरसाल यांच्याकडे शेजारच्या केशरबाई बसतात, पण त्यांना सुतक आलं आहे. गावातल्या बाकीच्या सवाष्णींना त्यांच्या त्यांच्या घरी नवमी. भागवत उभा राहून पायाकडे बघत होता, बोलली दगडाबाईच. म्हणाली, तुमी नवऱ्याच्या बाई, हितं उतरलेल्या, तुमीच बसा. जेवन झालं की साडी-खण घ्यायचा आन् आपल्या घरला जायचं, दुसरं काय न्हाई.

मी स्पष्ट सांगितलं की माझा यावर विश्वास नाही, पण जेवायला माझी हरकत नाही. म्हातारीचा जीव हलका झाल्यासारखा वाटला. तिने सविताबद्दल थोडं सांगितलं. लग्न होऊन आली ती चुलीशीच बसली. सीझन, लग्नसराई, शिर्डीच्या गाड्या, तिला सुट्टीच नाही. माहेर पुणतांब्याला, गोदाकाठी, इतकं जवळ, पण बापाच्या दिवसांनाही जाता आलं नाही. हितल्या फाटकाशी उभी राहून येष्ट्या बघायची, म्हणाली. तापाने गेली. शेवटी बोलत होती ते एकच, मला जाऊ द्या.

मी म्हणाले, जाऊ द्यायला हवं होतं. दगडाबाई म्हणाली, व्हय बाई.

१५ सप्टेंबर, सोमवार

नवमी. झोक्यामागच्या खोलीत पाट मांडला होता, भोवती रांगोळी नाही. खीर, कढी, वडे, भोपळ्याची आणि गवारीची भाजी. भागवतने माझ्या पायावर पाणी घातलं, मला ते आवडलं नाही. जेवताना दगडाबाई मला अगं म्हणत होती. अगं घे की, तुला खीर आवडती. मी चूक दुरुस्त केली नाही. जेवण चांगलं होतं. खीर मी दोनदा घेतली, एरवी गोड खात नाही.

मग साडी आणली. हिरवी, लाल काठाची, वर खण, बांगड्या. मी हात जोडून नकार दिला. नोकरीत असताना कोणाकडून सुपारीसुद्धा घेतली नाही, तो नियम निवृत्तीनंतर मोडण्याचं कारण नाही. भागवत म्हणाला, मॅडम, तसं चालत नाही. दगडाबाईने माझा हात धरला, साडी ठिवून जाऊ नका बाई, घ्या आन् मंग कुनालाबी द्या, पर फाटकाभाईर न्या. मी हात सोडवून घेतला. साडी पाटावर ठेवली आणि खोलीवर आले. आग्रहाचा मला फार पूर्वीपासून तिटकारा आहे.

दगडाबाई रडत होती, असं दिसलं. उद्या तिच्याशी नीट बोलेन.

१६ सप्टेंबर, मंगळवार

वैजनाथ आला नाही. फोन केला, तर म्हणतो, मॅडम, मघाशीच तर सोडलं की तुमाला फ्लॅटवर. हिरव्या साडीत हुता. आज हॉर्नबद्दल बी काय बोलल्या न्हाई, मला वाटलं बरं न्हाई.

मी त्याला झापलं. मग सुनीलला फोन. तो खूश होता. मॅडम, तुमी आत्ता आल्या, हिरवाच राहू दे म्हनाल्या, हात बी फिरवला भिंतीवरून. आता परत बदलू नका बरं का. मी विचारलं, मी आहे का तिथे आत्ता? तो हसला. म्हणाला, नाशिकच्या गाडीला जाते म्हनून निघाल्या की.

कोणीतरी माझं नाव वापरत आहे. पाटावरची साडी नाही. भागवतला विचारलं, तो मागच्या खोल्यांकडे निघून गेला. आजच निघते. फ्लॅटची दुसरी किल्ली माझ्याकडे आहे, ती—

पुढचं संध्याकाळी लिहीत आहे. बॅग घेऊन फाटकापर्यंत गेले होते. मागून कोणी गिऱ्हाईक ओरडलं, मावशी, भाकरी आणा लवकर. मी वळून बघितलं, एवढंच केलं. त्यानंतर मी चुलीशी बसले होते, हात पिठात कोपरापर्यंत. टोपलीत भाकऱ्यांची चळत. मला भाकरी थापता येत नाही. आमच्याकडे पोळ्या.

१७ सप्टेंबर, बुधवार

तीनदा निघाले. एकदा कुंपणातून. कोणी अडवत नाही. कोणी धरत नाही. पाऊल बाहेर पडायच्या आत कोणाला तरी भूक लागते, हाक येते आणि मी चुलीशी असते.

दुपारी रंगनाथांना फोन लावला. त्यांनी विचारलं, कोण बोलतंय? मी म्हणाले, पंकजा. ते अगदी सभ्यपणे म्हणाले, आमची पंकजा काल रात्रीच आली, आत स्वयंपाक करतेय. फोन हॉटेलवर राहिला म्हणाली, तुम्हाला सापडला वाटतं, उपकार झाले. मी ओरडले. त्यांच्या गुडघ्याचं, कल्याणच्या जन्माचं, मुंजीतल्या भांडणाचं, सगळं सांगितलं. ते म्हणाले, ताई, आवाज नीट येत नाही, सांभाळून ठेवा, शनिवारी गाडी करून न्यायला येतो.

मागे भांड्यांचा आवाज येत होता. माझ्या स्वयंपाकघरातला. कोणीतरी गुणगुणत होतं. मी गुणगुणत नाही. रंगनाथ तिला म्हणाले, खीर झाली का गं?

कल्याणलाही लावला. नंबर बघून आधी म्हणाला, आई, कोणीतरी तुझ्या फोनवरून त्रास देतंय असं बाबा सांगत होते. माझा आवाज ऐकल्यावर मात्र म्हणाला, कृपा करून हा नंबर वापरू नका.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पोलिसांना फोन केला. दोघं आले, चहा घेतला. भागवतने सांगितलं, घरचंच माणूस आहे, तब्येत बरी नसते. माझ्याकडे बघून सांगितलं. खोटं बोलताना माणूस नजर चुकवतो, त्याने चुकवली नाही.

दगडाबाईला धरून विचारलं. तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पाटावर बसती ती जेवनापुरती आमची सविता. जेवली, साडी घेतली, की ती बाई आपल्या घरला जाती आन् आमची आपल्या वाटंला. तुमी साडी ठिवली. तिला वाट न्हाई ऱ्हायली. मंग तिनं साडी नेसली आन् तुमची वाट धरली.

मी म्हणाले, दुसरी साडी द्या, घेते. घेतली. नेसले. खणासकट. फाटकापर्यंत गेले.

भाकरी.

दगडाबाई म्हणाली, म्या लई इनवलं हुतं तुमाला. तुमी शिकलेल्या. तिच्या बोलण्यात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. मी विचारलं, आता? ती म्हणाली, फुडल्या नवमीला एखांदी सवाष्ण उतरंल हितं. मंग बघू.

मी विचारलं, मग त्या बाईचं काय?

ती पीठ चाळायला लागली.

शुक्रवार

आरशात मीच आहे. ते तपासलं. मीच आहे. पण गिऱ्हाईकं सविता म्हणून हाक मारतात, जुनी गिऱ्हाईकं, आणि वर म्हणतात, लई दिवसांनी दिसल्या वैनी, भाकरीला आता चव आली. कोणी दचकत नाही.

पाण्यात थेंब टाकले. रंग कशाचा बघायचा ते—

दमा नाही. चुलीच्या धुरात बसते, खोकला नाही. हे चांगलं लक्षण नाही.

भागवत संध्याकाळी जवळ येऊन बसला. गेला नाही.

शनिवार, २०

रंगनाथ आले आहेत. फाटकाशी पांढरी गाडी. काठी टेकत बागेतून आले, माझ्यासमोर उभे राहिले, ताई म्हणाले. शर्टाचं वरचं बटण लावलेलं. मी कधी लावू देत नसे, गळा घट्ट होतो. मी हात पुढे केला, ते मागे सरले.

गाडीत काच वर आहे. हिरवं दिसतं.

ती उतरत नाही. उतरणार नाही. एवढी तिला भीती आहे, एवढं मला समजलं.

मी म्हणाले, वस्तू देते, पण नोंद होईल. त्यांनी मान डोलावली. तिलाही नोंदीची फार सवय, म्हणाले. समोर बसले आहेत, घाम पुसत आहेत. लिहिते.

दिलं ते असं. मोबाईल, चार्जरसकट. बॅग, तीत कॉटनच्या साड्या, एक स्वेटर. दम्याचा पंप. सावेडीच्या फ्लॅटची किल्ली. वाचायचा चष्मा, तो दिल्यापासून अक्षर मोठं काढत आहे. रंगनाथांच्या गोळ्यांची चिठ्ठी, सकाळची आणि संध्याकाळची, ती मी त्यांना वाचून दाखवली, ते म्हणाले, माहीत आहे ताई, ती देते वेळेवर.

त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग ओशाळून विचारलं, गळ्यातलं बाथरूममध्ये राहिलंय म्हणते, सापडलं का?

मंगळसूत्र. माझ्या गळ्यातून काढून दिलं. दोन्ही वाट्या, मधला मणी तडकलेला. त्यांनी हातात घेतलं, तडकलेल्या मण्यावर अंगठा फिरवला आणि हसले. हेच, म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते मण्याकडे.

घेणार, रंगनाथ गुंजाळ. सही झाली.

देणाऱ्याचं नाव राहिलं. ते विचारत आहेत. मी सांगितलं. पुन्हा विचारत आहेत. मी मोठ्याने सांगत आहे, दोनदा, तीनदा, ते कानाला हात लावून वाकले आहेत, आता माझ्याकडे नाही, भागवतकडे बघत आहेत, आणि भागवत उठून माझ्या वतीने त्यांना—