माईंची विहीर आणि माझी रेघ

रवि., १ फेब्रु.
सकाळीच माईंचा फोन. थोरल्या जावेचा हुकूम आणि लेकीच्या आईची विनवणी, दोन्ही एका वाक्यात: तनूचं लग्न गावी, पावसला, घरच्या खळ्यातच करायचं. ९ मे. भावोजींनी, तनूच्या वडिलांनी, हातखंब्याचा हॉल सांगून ठेवलाय. त्यांचं म्हणणं, मे महिन्यात आपली विहीर तळाला जाते, दोनशे माणसांना पाणी कुठलं द्यायचं?
माई म्हणाल्या, "थोरल्या लेकीच्या वेळी हॉलवाले तीनलाच लाईट घालवायला लागले. व्याही अर्ध्या ताटावरून उठले. तनूचं तसं नको गो."
मी मागेच सांगितलंय, भांडू नका, मोजू. गेले तीन रविवार त्या माझ्या सांगण्यावरून दोर सोडून पाणी मोजतायत. आजचा चौथा. अठरा फूट, साडेसतरा, सोळाच्या जरा वर, आज सोळाहून जरा कमी. एवढ्यावर रेघ निघते. इतकी वर्षं कॉलेजात स्टॅट्स शिकवलं, सासरच्या कामी पहिल्यांदाच येतंय.

मंगळ., ३ फेब्रु.
रेघ काढली. लग्नाच्या दिवशी पाच फुटांहून थोडं कमी पाणी. लग्नाला चार पुरे. म्हणजे लग्न घरी.
तनूचा मुंबईहून फोन, "काकी, चार ठिपके एका रेघेत नाहीतच, मग रेघ कुठून आली?" नर्स आहे, प्रश्न बरोबर विचारते. सांगितलं, एकही ठिपका रेघेवर नसला तरी चालतं. प्रत्येक ठिपका रेघेच्या किती वर-खाली आहे ते बघायचं, त्या फरकाचा वर्ग करायचा, सगळ्यांची बेरीज. ज्या रेघेला ती बेरीज सगळ्यात लहान, ती आपली. वर्ग कशाला? नाहीतर वरचे आणि खालचे एकमेकांना खाऊन टाकतात आणि सगळं आलबेल दिसतं. शिवाय ज्याची तक्रार दुप्पट, त्याचं ऐकणं चौपट.
"म्हणजे आपल्या घरातल्यासारखंच," म्हणाली. आगाऊ कार्टी.

शनि., ७ फेब्रु.
पावसला जाऊन आले. आलेख मोठ्या कागदावर काढून नेला, खाली प्रत्येक रविवारची तारीख, रेघ थेट ९ मे पर्यंत. माईंनी स्वयंपाकघराच्या दाराशी चिकटवला. भावोजी चष्मा लावून बराच वेळ बघत होते. "विहीर काय रेघ बघून आटते?" म्हणाले. म्हटलं, दर रविवारी बघा.

रवि., १५ फेब्रु.
मागच्या रविवारी रेघेवर. आजही रेघेवर. भावोजींना मुद्दाम फोन लावला.

शुक्र., २० फेब्रु.
भावोजींनी हॉल सोडला. त्याच दिवशी दुसऱ्या कुणी घेतलाही. ते एवढंच म्हणाले, "प्रोफेसरीणबाई, तुमच्या शब्दावर." माई फोनवर रडल्या. मला फार बरं वाटलं. हे म्हणतात, तू दोन दिवस जमिनीवरून चालत नाहीयेस. नसेन.

रवि., १ मार्च
पुन्हा रेघेवर. स्टाफरूममध्ये सगळ्यांना आलेख दाखवला. इतकी गुणी विहीर जिल्ह्यात नसेल.

शुक्र., ६ मार्च
शिमगा. पावसला पालखी घरी आली. खळ्यात नाचवली, माईंनी ओटी भरली. मुंबईहून सगळे उतरलेले, पंगतीवर पंगत, पोरांच्या दोन-दोन आंघोळी. पंप दिवसभर चालू. परतीच्या बसमध्ये झोपले.

रवि., ८ मार्च
माई: "रेघेवर हाय बग." शाब्बास.

बुध., ११ मार्च
प्रॅक्टिकलची जर्नल्स तपासली. तीन मुलींचे सगळे ठिपके रेघेला चिकटलेले. ही चोरी मी झोपेतही ओळखते: आधी रेघ ओढायची, मग तिच्यावर ठिपके बसवायचे. तिघींना उभं केलं. म्हटलं, माणसाच्या हाताने मोजलेलं कधी इतकं शहाण्यासारखं वागत नाही.
बोलले, आणि माझंच मला ऐकू आलं.
पालखीच्या दिवशी अख्खा गाव विहिरीवर, आणि दोन दिवसांनी पाणी रेघेवर? आधीचे चार ठिपके वर-खाली, आणि कागद चिकटवल्यापासून पाचही सुतासारखे सरळ. इतरांची चोरी दिसते, घरची दिसत नाही. वर स्टाफरूममध्ये मिरवलं.

रवि., १५ मार्च
पहाटेच पावसला. स्वतः दोर सोडला. रेघेप्रमाणे अकरा फूट हवं. निघालं पावणेदहा.
माई शेजारी उभ्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "दोर नि कागद जुळंना गो. मला वाटलं माझाच हात हलतो. तू शिकलेली, एवढं गणित करून काढलंस. माझ्यापायी तुझी रेघ खोटी कशाला पडू दे? म्हनून मी आपलं कागदावरचं सांगतलं."
"आणि लग्न घरी व्हायला हवं म्हणून?"
"तेपण."
राग आला. पण कागद दाराशी कुणी लावायला दिला? मी. मोजणाऱ्याच्या डोळ्यासमोर उत्तर टांगून ठेवायचं नाही, हे मी वर्गात सांगते.
त्यांचे पाच ठिपके टाकून दिले. जुने चार आणि आजचा एक, नवी रेघ: ९ मे ला सव्वादोन-अडीच फूट. चार हवं.
भावोजींना मीच सांगितलं, माईंना पुढे केलं नाही. "मोजणीची पद्धत माझी, चूक माझी." ते ओटीवर बसून होते. "हॉल गेला," म्हणाले. थोड्या वेळाने, "टँकर मे महिन्यात कुणाला मिळतो?" चहा घेतला नाही. कागद फाडून आणला.

सोम., १६ मार्च
रात्री नीट झोप लागली. आश्चर्य वाटलं. गणित चुकलेलं नाही, त्याला खायला घातलेलं चुकलं होतं. ते सुधारता येतं. आंब्याच्या कलमांचं पाणी एक दिवसाआड करायला सांगितलंय, भावोजींनी हो-नाही केलेलं नाही. तनूला सगळं कळवलं. "आई ना," एवढंच म्हणाली, मग हसली, मग विचारलं, "काकी, पण होईल ना घरी?" म्हटलं, पाच ठिपक्यांवर शब्द देणार नाही. दिला असता, महिन्यापूर्वी.

शनि., २१ मार्च
उद्या नव्या रेघेप्रमाणे नऊ फूट यायला हवं. माईंना सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलंही, "किती यायला हवं ते सांग तरी." नाही म्हटलं. रागावल्या.

रवि., २२ मार्च
सातला फोन. मी कागद-पेन घेऊन बसलेच होते.
"आठ नि वर चार बोटं. दोनदा सोडला दोर. भावोजी तुझे शेजारीच उभे होते, त्यांनीपण बगलं. कमी हाय ना गो?"
"कमी आहे."
"मग काय करायचं?"
म्हटलं, आत्ता काहीच नाही, पुढच्या रविवारी पुन्हा मोजायचं. लग्न घरी व्हायचा रस्ता आणखी अरुंद झाला, आणि मी मात्र तो खराखुरा ठिपका रेघेच्या चांगला खाली काढला आणि इतका आनंद झाला की ह्यांना उठवून दाखवला.