करंजओढ्याच्या शाळेचे कुलूप

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारीसाहेब,
प्राथमिक शिक्षण, पुणे यांसी

अर्जदार : राहेल प्रभुदास उजागरे, मुख्याध्यापिका, प्राथमिक शाळा, मौजे करंजओढा, तालुका दौंड

विषय : शाळेचा निकाल, पटावरील मुलांचा समाज आणि दाराचे तोडलेले कुलूप यांबाबत खुलासा.
संदर्भ : तालुक्याच्या शाळा तपासणारे दिपोटीसाहेब यांचा गेल्या सोमवारचा मेमो.

महोदय,

१. अर्जदार या शाळेवर अकरा वर्षे आहे व मिशनच्या आवारात राहते. मेमोत तिच्यावर तीन आरोप आहेत. निकाल असमाधानकारक, शाळेत एकाच, म्हणजे ख्रिस्ती, समाजाची मुले, आणि सरकारी कुलूप फोडले. तिन्ही आरोप सरपंच हौसराव भिमाजी यांच्या ओसरीवर तयार झाले असून दिपोटीसाहेबांनी फक्त सही केली आहे.

२. मे महिन्यात चौथीचा निकाल लागला. चौदांपैकी नऊ मुले पास झाली. त्यांत मिशनच्या आवारातली सहा, रामोशी वस्तीवरची दोन आणि बागाइतदाराच्या घरचा एक. नापासांत सरपंचांचा नातू जालिंदर होता. सरपंच पायांतल्या जोड्यासकट वर्गात आले आणि मुलांदेखत म्हणाले, "बाई, मिशनची पोरं वर आन् आमचं पोरगं खाली? गाव कुणाचं हाय, ध्यानात हाय का? पास करा त्याला."

अर्जदाराने सांगितले, "आप्पा, जालिंदरला दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही. त्याला पुढं ढकलणं म्हणजे केसानं गळा कापणं."

"मंग बघतोच शाळा कशी चालती," असे म्हणून ते गेले. बोलल्याप्रमाणे त्यांनी केले, एवढे श्रेय त्यांस दिले पाहिजे.

३. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा शेतकऱ्यांच्या घरचे एकही मूल आले नाही. पटावरच्या चौऱ्याहत्तरांतली एकतीस मुले घरी. अर्जदार घरोघर गेली. बायका दाराआडून म्हणाल्या, "बाई, आमच्या मनात हाय वं. पर ज्याचं पोर शाळंत, त्याच्या उसाला पाटाचं पाणी न्हाई, असं आप्पांनी सांगितलंय."

जुलैत दिपोटीसाहेब तपासणीस आले. आधी सरपंचांकडे जेवले, मग शाळेत आले, आणि 'एकाच समाजाची मुले' असा शेरा मारून गेले. जवळजवळ निम्मी मुले घरी डांबायची आणि उरलेल्यांची जात विचारायची, याला कोणत्या नियमाने तपासणी म्हणतात? त्या दिवशी वर्गात रामोशी, मातंग आणि मुसलमान घरची मुलेही बसली होती. ती साहेबांना दिसली नाहीत. त्यांनी एकाही मुलाला एक ओळ वाचून दाखव म्हटले नाही. निकाल असमाधानकारक आहे हे त्यांस कसे कळले, हे त्यांसच विचारावे.

४. ऑगस्टात एका सकाळी शाळेच्या दाराला कुलूप दिसले. जागा आपल्या आज्याने दिली, असे सरपंचांचे म्हणणे. म्हणजे कुलूप सरकारी नव्हते, त्यांचे होते. पाऊस चालू होता. अर्जदाराने मुले मिशनच्या प्रार्थनामंदिराच्या ओट्यावर बसवली. लगेच तक्रार गेली की, बाईने सरकारी शाळेचे ख्रिस्ती देऊळ केले. फळ्यावर सत्तावीसचा पाढा होता. त्याने कोणाचा धर्म बुडतो हे अर्जदारास आजवर समजलेले नाही.

५. कुलूप कोणी तोडले, याचे उत्तर साऱ्या गावास ठाऊक आहे. जालिंदरची आई झुंबरबाई या सरपंचांच्या विधवा सून. त्या एके दिवशी एका हातात मुलाचा दंड आणि दुसऱ्या हातात पहार घेऊन चावडीवरून चालत आल्या. सरपंच व चारचौघे मागोमाग आले. "घरात चल! अब्रू चव्हाट्यावर आणतीस व्हय?" असे ते ओरडले.

झुंबरबाई वळल्या नाहीत. त्यांनी कडीत पहार घातली व म्हणाल्या, "मामंजी, कुलूप तुमचं, पोरगं माझं. नापास झालं त्याचं मला काय न्हाई. त्याला वाचता येत न्हाई, त्याचं हाय."

कुलूप दुसऱ्या हिसक्याला निखळले. अर्जदाराच्या डोळ्यांत पाणी आले. ते तिने सरपंचांना दिसू दिले नाही, परंतु खुलासा पुरा मागितला असल्याने येथे लिहीत आहे.

६. त्याच संध्याकाळी झुंबरबाईंना घराबाहेर काढण्यात आले. त्या रामोशी वस्तीवर एका छपरात राहिल्या, केवळ मुलाची शाळा बुडू नये म्हणून. जालिंदर पहिले काही दिवस मान वर करीत नसे. मोठ्या मुलांत लहानांचे पुस्तक घेऊन बसण्याची त्याला लाज वाटे. मग एके दुपारी बोट ठेवून त्याने अख्खा धडा वाचला आणि "बाई, अजून एक वाचू?" असे विचारले. शेतकऱ्यांची मुलेही पाण्याची पर्वा न करता एकेक करून परतू लागली.

सरपंचांनी मग झुंबरबाईंना गावात कोणी काम देऊ नये असे फर्मावले. उपाशी मरण्यापेक्षा त्या मुलाला घेऊन वरवंडला भावाकडे गेल्या. तेथील शाळेत दाखल्यावाचून घेत नाहीत. आणि दिपोटीसाहेबांचा हुकूम असा की, कुलपाची चौकशी संपेपर्यंत त्या मुलास शाळा सोडल्याचा दाखला देऊ नये. भांडण मोठ्यांचे आणि शाळा बंद पोराची.

७. अर्जदाराची बदली शिरूर तालुक्याच्या टोकाला करण्याचे घाटत आहे, असे कानावर आले आहे. खुशाल करावी. तेथेही मुले असतील, आणि नापास होण्यास पात्र असे सरपंचांचे नातूही असतील.

काल जालिंदरचे मामा सायकलवरून आले होते. अर्जदाराने दाखला लिहून, शिक्का मारून त्यांच्या हाती दिला. प्रगतीच्या रकान्यात 'चौथी नापास. आता वाचतो.' असे लिहिले आहे. वरिष्ठांचा हुकूम मोडला, ही गोष्ट खरी आहे.

याबद्दल परवानगी किंवा माफी मागण्यासाठी हा अर्ज नाही. आपणास माहिती असावी म्हणून केला आहे.

खात्यात ठेवाल तोवर आपली सेविका,
राहेल प्रभुदास उजागरे
करंजओढा, २६ सप्टेंबर १९५८