तीनशे बारा पुस्तकं, वजन शून्य

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी आज सकाळीच दिला आहे. जावईबापूंनी शंका काढू नये.

१. राहतं घर, दुकान आणि बँकेतली शिल्लक बायकोला. यावर चर्चा नको.

२. दाबयंत्र, सुया, दोरा, सरसाचं भांडं आणि सोनेरी अक्षरांचे ठसे मुलीला. तिचा टाका माझ्यापेक्षा सरळ पडतो. हे तिला तोंडावर कधी म्हटलं नाही, चुकलंच माझं.

३. जावईबापूंना काही नाही. कारण देतो. त्यांनी आमच्या हिला ईबुक वाचायचं यंत्र आणून दिलं आणि माझ्या गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "बाबा, आता शिवायचं काही उरलं नाही." मी हट्टाला पेटलो. त्या यंत्राला कापडी पुठ्ठा चढवला, पाठ गोल केली, वर सोनेरी नाव उठवलं. काम इतकं सुबक झालं की चार्जिंगचं भोक सरसाखाली गेलं ते कळलंच नाही. हिनं चार दिवस अबोला धरला. जावईबापूंनी सुरीनं पुठ्ठा फाडला. यंत्र सुरू झालं, पण माझ्या हातचं काम मातीत गेलं. तो राग अजून आहे.

४. यंत्रातली तीनशे बारा पुस्तकं. खातं माझ्या नावावर आहे. छापील प्रतीपेक्षा किंमत जेमतेम दहा टक्के कमी! कागद नाही, शाई नाही, शिलाई नाही, मग पैसे कशाचे? मी यंत्र रद्दीच्या काट्यावर ठेवलं, पन्नास पुस्तकं घेण्याआधी आणि घेतल्यावर. रतीभर फरक नाही. मात्र हिला दोन वर्षांपासून छापील अक्षर दिसत नाही, आणि त्यात ते बोराएवढं करता येतं. मी बांधलेल्या एकाही पुस्तकाला हे जमलेलं नाही. सबब, किमतीबद्दलची तक्रार मी मागे घेतो.

ही पुस्तकं हिच्या नावे करावीत म्हणून कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काका, पुस्तकं तुमची नाहीत. तुम्ही फक्त वाचायची परवानगी घेतली आहे. ती तुमच्याबरोबर संपते."

"आणि छापील पुस्तक?"

"ते कुणालाही द्या ना, काका."

"मग दहाच टक्के कमी का?"

फोन कट झाला.

५. म्हणून असं ठरवतो. माझ्या मृत्यूची बातमी नातेवाइकांना, बँकेला, दूधवाल्याला द्यावी. कंपनीला देऊ नये. कंपनीच्या लेखी मी जिवंत आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या तर मुलीनं माझ्या वतीनं आभार मानावेत. पुस्तकांना तारे द्यावेत, पण पाचपैकी तीनच. मी कुणाला जास्त दिलेले नाहीत. माझी शंभरी उलटल्यावर चौकशी आलीच, तर म्हातारा काटक आहे म्हणून सांगावं.

हे कलम हिला वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे सगळ्यांसाठी तुम्ही गेलात, आणि माझ्या पुस्तकांपुरते असणार?"

"हो."

बराच वेळ चष्मा पुसत बसली. मग म्हणाली, "चालेल. तेवढे तरी राहा."

कलम पाच कुणीही, कोणत्याही कारणानं, रद्द करू नये.

सही: बांधणीवाला
साक्षीदार: डॉक्टर, शेजारचा घड्याळजी
स्थळ: दुकान, कापायच्या टेबलाजवळ
तारीख: अकरा मार्च, दुपारी