मंडपवाल्याच्या खुर्च्या

अहो,

दार उघडल्यावर दचकू नका, घर आपलंच आहे. रिकाम्या हॉलला भाव येत नाही असं एजंट म्हणाला, म्हणून मी मंडपवाल्याकडून भाड्याने सोफा मागवला. लग्नसराईत त्याचे सोफे संपले, तर मेल्याने नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या आणून टाकल्या!

मी शिरवण्याला वहिनींकडून साध्या खुर्च्या आणायला गेलेय. तोवर घर बघायला मंडळी आली तर त्यांना सतरंजीवर बसवा. चहा थर्मासमध्ये आहे. लाल खुर्च्यांवर मात्र कोणालाही बसू देऊ नका. आपलं लग्न कोर्टात, बाकड्यावर बसून झालं.

भाडं सकाळपर्यंतचं भरलंय. मंडळी गेली की तुम्ही सफारी घाला, मी हिरवी साडी नेसते.

सुचित्रा